आधी वही, मग डॉक्टर: वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलासाठी कोणती गोष्ट कधी करायची

शाळेतून तिसऱ्यांदा फोन आला की बहुतेक घरांत एकाच आठवड्यात चार गोष्टी होतात. मोबाईल जप्त होतो, कराटेचा क्लास लागतो, कुणाच्या तरी ओळखीने समुपदेशकाची वेळ मिळते आणि आजी नजर उतरवते. महिन्याने मूल जरा शांत झालं तर ते कशाने, हे कुणालाच सांगता येत नाही. बिघडलं तरी सांगता येत नाही. या चारपैकी एखादी गोष्ट उपयोगी असेलही, पण सगळं एकदम केल्यामुळे ती हाती लागत नाही.

हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतल्या, साधारण ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. अनावर राग, मारणं-फेकणं, सतत नकार, एका जागी न टिकणं, शाळेला जायला ठाम विरोध, आठवडेच्या आठवडे उदास किंवा भेदरलेलं राहणं, यांपैकी काहीही असो, क्रम तोच. टप्पे गाळू नका आणि पुढचे मागे करू नका.

## टप्पा ०: आजच हालचाल करायची का, ते ठरवा

पुढे १४ दिवस वहीत नोंदी करायला सांगितलं आहे. खालीलपैकी काही दिसत असेल तर मात्र थांबायचं नाही.

- मरण्याबद्दल बोलणं, लिहिणं, स्वतःला कापणं किंवा डोकं आपटून इजा करून घेणं.
- कानात आवाज येतात, कुणीतरी मारायला येतंय असं खात्रीने सांगणं.
- खाणं-पिणं जवळजवळ बंद होणं, सलग दोन-तीन रात्री झोप नसणं.
- भावंडावर हत्यारासारखी वस्तू उगारणं.
- काल व्यवस्थित असलेलं मूल आज असंबद्ध बोलतंय आणि सोबत ताप, झटका (फिट), डोक्याला मार किंवा उलट्या आहेत.

शेवटच्या प्रकारात मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसू नका. तो शरीराचा तातडीचा आजार असू शकतो. १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. बाकीच्यांत त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्रीची वेळ असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. इजा झाली असेल किंवा व्हायच्या बेतात असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक.

मरणाचा विषय निघाला तर सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं ठरवलंयस का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती खोटी आहे. न विचारल्याने मात्र मूल एकटं पडतं. उत्तर ऐकताना "असं बोलायचं नाही" म्हणून तोंड बंद करू नका.

त्याच संध्याकाळी घर तपासा. आजी-आजोबांच्या बीपी, शुगर आणि झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध, फिनेल, टॉयलेट क्लीनर, कीटकनाशक, ब्लेड, कटर हे सगळं कुलपात जायला हवं. फ्रिजवर किंवा माळ्यावर ठेवणं म्हणजे कुलूप नव्हे. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या उंच टॉवरमध्ये राहत असाल तर खिडक्या आणि गॅलरीला ग्रिल किंवा जाळी हवी, आणि गच्चीचं दार बंद राहतं का ते वॉचमनकडे स्वतः जाऊन बघा.

तपासा: वागण्यातला बदल अचानक झाला आहे का? एखाद्या विशिष्ट माणसाकडे, क्लासला किंवा व्हॅनने जायला मूल एकदम नकार देऊ लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलू लागलं, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता आधी बघा. शांतपणे ऐका, खोदून खोदून तेच तेच विचारू नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, अशा मुलावर उपचार करण्याआधी डॉक्टरांना पोलिसांचा कागद मागता येत नाही.

## टप्पा १: १४ दिवसांची वही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू. दोनशे पानी साधी वही घ्या आणि आडव्या पानावर सहा रकाने आखा:

१. तारीख आणि वेळ
२. कुठे, कोण कोण होतं
३. लगेच आधी काय घडलं
४. मुलाने नेमकं काय केलं
५. लगेच नंतर मोठ्यांनी काय केलं
६. किती मिनिटं चाललं

"आज खूप त्रास दिला" ही नोंद नाही, तक्रार आहे. "हट्टी", "आगाऊ", "मुद्दाम" हे शब्द वहीत नकोत. फक्त जे कॅमेऱ्यात दिसलं असतं किंवा ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. नोंद अशी हवी:

"मंगळवार, संध्याकाळी ७.१०. हॉलमध्ये, आजी आणि बहीण. ट्यूशनहून आल्या आल्या बहिणीने रिमोट घेतला. तिला दोनदा ढकललं, रिमोट आपटला. आजीने बहिणीला ओरडून रिमोट त्याला दिला. ४ मिनिटं."

या एका ओळीत तीन धागे आहेत. क्लासहून आल्यावरची दमलेली, भुकेली वेळ, रिमोट, आणि ढकलल्यावर रिमोट मिळाला ही गोष्ट. पाचवा रकाना लिहायला अवघड जातो, कारण तो आपल्याविषयी असतो. नेमका तोच सगळ्यांत कामाचा. वागणं टिकतं ते त्यानंतर काय मिळतं यावर: वस्तू मिळते, अभ्यास टळतो, सगळ्यांचं लक्ष मिळतं, किंवा एखादी नकोशी जागा सोडता येते.

सहा रकान्यांखाली रोज दोन ओळी: किती वाजता झोप लागली आणि किती वाजता उठलं, डबा किती संपला, स्क्रीन किती वेळ, शाळेतून काही आलं का. आठवड्यातून दोनदा तरी हेही लिहा की त्रास कधी झाला नाही. रविवारी उपवन तलावाला चक्कर मारली तेव्हा दोन तास काही घडलं नसेल, तर तेही माहितीच.

वही कुणी लिहायची? दुपारी दोन ते सात मूल ज्यांच्याजवळ असतं त्यांनी. आई-बाबा दोघेही लोकलने रात्री आठला परतत असतील तर आजी किंवा सांभाळणाऱ्या ताईंच्या नोंदीशिवाय वही अर्धीच राहते. लिहिणं जमत नसेल तर त्यांनी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, रात्री तुम्ही उतरवा.

एक-दोन मिनिटांचे एक-दोन व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतात, विशेषतः झटक्यासारखं काही दिसत असेल तर. मात्र मूल भडकलेलं असताना समोर मोबाईल धरून उभं राहू नका. आणि तो व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. मुलाला ते कळतंच, आणि नंतर ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

तपासा: १४ दिवसांनी निदान १० नोंदींत तिसरा आणि पाचवा रकाना भरलेला आहे का? नसेल तर आणखी एक आठवडा द्या.

सावधान: या दोन आठवड्यांत काहीही नवीन सुरू करू नका. नवा क्लास नाही, नवी शिक्षा नाही, आठवडाभराची मोबाईलबंदी नाही. आज जे आहे ते मोजायचं आहे.

## टप्पा २: आधी शरीर

वही घेऊन पहिल्यांदा नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. समुपदेशनाची दहा सत्रं झाल्यावर मुलाला एका कानाने कमी ऐकू येतं असं कळणं फार महागात पडतं. डॉक्टरांना हे मुद्दे एकेक करून विचारा:

- कान आणि डोळे. "सांगितलेलं ऐकत नाही" याचा शब्दशः अर्थही तपासायला हवा.
- रक्त. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि डॉक्टरांना गरज वाटली तर थायरॉइड. लोह कमी असेल तर चिडचिड, चुळबुळ आणि झोप मोडणं हे सगळं दिसू शकतं.
- घोरणं. तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं मूल दिवसा सुस्त न दिसता उलट जास्त उधळलेलं दिसू शकतं. ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेत का, ते कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.
- मध्येच हरवणं. पाच-दहा सेकंद टक लावून बघणं, हाक मारली तरी भान नसणं, पापण्या फडफडणं आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू करणं. हे दिवसातून अनेकदा होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) लागेल.
- सुरू असलेली औषधं. सर्दी-दम्यासाठी माँटेलुकास्ट असलेलं औषध अनेक मुलांना महिनोन्महिने सुरू असतं. त्याने काही मुलांत चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी दिसते. त्रास कधी सुरू झाला आणि औषध कधी सुरू झालं, या दोन तारखा वहीत शेजारी लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बंद करू नका.

झोपेचा हिशोब तर घरीच करता येतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात, त्यापुढच्या वयाला ८ ते १०. शाळेची बस सव्वासहाला येत असेल तर उठणं साडेपाचला, म्हणजे साडेआठला डोळा लागलेला हवा. आपल्याकडे बाबा नऊला घरी येतात, साडेनऊला पानं वाढली जातात, आणि मूल अकराला झोपतं. साडेसहा तासांच्या झोपेवर मोठा माणूसही ऑफिसात भांडतो. मुलाला साडेसातला जेवू घाला. बाबांच्या वाट्याच्या गप्पा सकाळच्या दहा मिनिटांत आणि सुट्टीच्या दिवशी होऊ द्या. सगळी घडी एका दिवसात बदलत नाही, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा.

## टप्पा ३: योग्य दार ठोठावणं

पाट्यांवरची नावं सारखी दिसतात, कामं वेगळी असतात.

- मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर. निदान करतात, औषध देऊ शकतात.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीच गैर नाही, आणि तो सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.
- समुपदेशक बोलून आधार आणि दिशा देतात. पालकांना घरची योजना राबवायला मदत करण्यात चांगला समुपदेशक मोलाचा. पण निदानाचा कागद त्यांच्याकडून घ्यायचा नसतो.
- ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आणि हालचाली जमवायला शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांच्याकडे निदान आणि गरज ठरल्यावर जायचं. आधी थेरपीचं वर्षभराचं पॅकेज आणि मग निदान, हा उलटा क्रम ठाण्यात आणि नवी मुंबईत फार बोकाळला आहे.

सरकारी दारं जवळच आहेत. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. "याला ठाण्याला पाठवायला हवं" हा विनोद ऐकत वाढलेल्या पालकांचे पाय तिथे अडखळतात, पण बाह्यरुग्ण विभाग म्हणजे केसपेपर काढून डॉक्टरांना भेटायची जागा, भरती होण्याची नव्हे. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तिथे वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे बालरोग आणि मानसोपचार एकाच आवारात मिळतात. नेरुळला डी. वाय. पाटील रुग्णालय आहे, ते मात्र खासगी. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांग मुलांचं शिक्षण व प्रशिक्षण केंद्र आहे. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाढ आणि आकलन मागे असल्याची शंका असेल तर उपयोगी. सरकारी ठिकाणी मुलांसाठीचे दिवस आणि वेळा वेगळ्या असू शकतात, म्हणून मुलाला घेऊन जाण्याआधी एकदा मोठ्यांनी जाऊन विचारून यावं.

पहिल्या भेटीला नेण्याची फाइल: वही, तिचा एका पानाचा सारांश, बालरोगतज्ज्ञांचे रिपोर्ट, जन्माचे आणि लसीकरणाचे कागद, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, वर्गपाठाची एक वही, आणि घराण्यात कुणाला मानसिक आजार, फिट किंवा व्यसन होतं का याची खरी माहिती. ही शेवटची गोष्ट सासर-माहेर दोन्हीकडची लागते, आणि बरेचदा गाडीत बसून भांडण होतं ते यावरूनच. घरीच लिहून काढा.

अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं निदान करताना लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून, किमान सहा महिने आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून शिक्षकांनी भरलेला फॉर्म लागतो. तो न मागता दहा मिनिटांत निदान झालं तर दुसरं मत घ्या. फक्त घरीच होतं आणि शाळेत नाही, किंवा फक्त गणिताच्या तासालाच होतं, तर प्रश्न वेगळा असतो.

बुद्ध्यांक किंवा अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीची) चाचणी असेल तर ती मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत व्हावी. घरी मराठी, शाळा इंग्रजी आणि चाचणी घेणारे हिंदीत विचारतायत, अशा आकड्याला फारसा अर्थ नाही. त्या दिवशी पोट भरलेलं, झोप झालेली, चष्मा सोबत. सर्दी-तापात चाचणी पुढे ढकला.

मुलाला काय सांगायचं? "फिरायला जाऊ" म्हणून फसवून नेऊ नका. "तुला खूप राग येतो तेव्हा तुलाही त्रास होतो ना. हे डॉक्टर त्यातच मदत करतात. सुई टोचत नाहीत, गप्पा मारतात." इतकं पुरे. आणि डॉक्टरांसमोर मुलाच्या चुकांची यादी वाचू नका. त्यासाठी पाच मिनिटं वेगळी मागून घ्या.

## टप्पा ४: घरातली योजना

निदान काहीही निघो, हा भाग पालकांनाच करायचा असतो. आठवड्याला ४५ मिनिटं भेटणारे थेरपिस्ट उरलेल्या तासांचं काम करू शकत नाहीत.

४.१ एकच वागणं निवडा. वहीतून बघा: धोका कशात, आणि रोज घडणारं काय. मारणं असेल तर आधी मारणं. अभ्यास, पसारा, उद्धट बोलणं सध्या बाजूला. ते वागणं उलट करून लिहा. "मारायचं नाही" ऐवजी "राग आला की उशीला बुक्का किंवा गॅलरीत जाणं". काय करायचं नाही हे मुलाला पाठ असतं. त्या जागी काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

४.२ आधी पंधरा मिनिटं. रोज एका पालकाने १५ मिनिटं मुलाच्या खेळात बसायचं. मूल नेईल तिकडे. प्रश्न नाही, सूचना नाही, "हा रंग कुठला?" नाही, मोबाईल नाही. दिवस कितीही वाईट गेला तरी हा वेळ काढून घ्यायचा नाही. तो बक्षीस नाही. हे निदान आठवडाभर झाल्याशिवाय पुढच्या पायऱ्या चालत नाहीत, कारण ज्या माणसाकडून फक्त बोलणी मिळतात त्याच्या कौतुकाची मुलाला किंमत नसते.

४.३ सूचना देण्याची पद्धत. स्वयंपाकघरातून भिंतीपलीकडे मारलेली हाक ही सूचना नव्हे. जवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा, दहा सेकंद गप्प राहा. "अरे किती वेळा सांगायचं, दप्तर उचल, हात धू, आणि तो टीव्ही बंद कर" यात तीन कामं आणि एक टोमणा आहे. मूल फक्त टोमणा ऐकतं. "करशील का?" असं विचारलंत तर "नाही" हेही उत्तर असतं, म्हणून जिथे पर्याय नाही तिथे प्रश्न नको.

४.४ कौतुक लगेच आणि नेमकं. "शाब्बास" अपुरं आहे. "ताईने रिमोट घेतला तरी तू हात नाही उचललास, मला सांगायला आलास" हे कौतुक. त्याला शेपूट लावू नका: "रोज असंच वागलास तर किती बरं होईल!" या एका वाक्याने कौतुकाची तक्रार होते.

४.५ ठिपके किंवा तारे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता चालतो. लक्ष्य वहीवरून ठरवा. मारणं दिवसाला सहा वेळा होत असेल तर पहिलं लक्ष्य शून्य नसतं. दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार भाग करा, न मारता गेलेल्या प्रत्येक भागाला एक ठिपका, आणि दोन ठिपक्यांनाही काहीतरी मिळावं. पहिल्या आठवड्यात मूल बहुतेक दिवस जिंकायलाच हवं, नाहीतर तक्ता तिसऱ्या दिवशी फाडला जातो. आठ वर्षांखालच्या मुलाला मोबदला त्याच दिवशी द्या: रात्रीची जास्तीची गोष्ट, बाबांसोबत कॅरमचा एक बोर्ड, उद्याच्या डब्याचा पदार्थ निवडणं. परीक्षेनंतर सायकल, हे फार लांब आहे. मिळालेला ठिपका शिक्षा म्हणून परत घेऊ नका.

४.६ दुर्लक्ष, पण फक्त लक्ष वेधणाऱ्या गोष्टींवर. रडका सूर, पाय आपटणं, तेच तेच मागणं यांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. थांबताक्षणी परत बोलायचं. मारणं, तोडणं, स्वतःला इजा, भीतीने रडणं यांच्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं.

सावधान: दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस किंचाळणं वाढतं. हे अपेक्षित आहे. चौथ्या दिवशी कंटाळून वस्तू दिलीत तर मूल एवढंच शिकतं की चार दिवस किंचाळावं लागतं. ते झेपणार नसेल तर सुरूच करू नका. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा: "डॉक्टरांच्या सल्ल्याने एक गोष्ट चालू आहे, आठ-दहा दिवस आवाज येईल." सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येण्याआधी सांगितलेलं बरं.

४.७ परिणाम छोटा, आधी ठरलेला, त्याच दिवसापुरता. मारलं तर शांत जागी बसणं, वयाच्या प्रत्येक वर्षाला साधारण एक मिनिट. ती जागा बाथरूम नव्हे, अंधारी खोली नव्हे, जिन्यातला लँडिंगही नव्हे. मार देऊन मारणं थांबत नाही, हे वहीचा पाचवा रकानाच दाखवेल.

४.८ भडका उडालेला असताना. शब्द कमी करा. भावंडांना दुसऱ्या खोलीत न्या. हातभर अंतर ठेवा, दाराची वाट अडवू नका, "माझ्याकडे बघून बोल" म्हणू नका. जीवाला धोका नसेल तर धरून ठेवू नका. समजावणं अर्ध्या-पाऊण तासानंतर, आणि तेही तीन वाक्यांत. इथे एक फरक ओळखा. हट्टातलं मूल मध्येच बघतं की तुम्ही बघताय का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. आवाज, गर्दी, प्रकाश असह्य झालेलं मूल हवं ते दिलं तरी थांबत नाही. गणपतीतल्या ढोल-ताशांत किंवा संध्याकाळच्या ठाणे स्टेशनच्या पुलावर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचं जे होतं ते हट्ट नव्हे. तिथे ठिपके आणि दुर्लक्ष दोन्ही चुकीचे, तिथून बाहेर काढणं बरोबर.

४.९ घरातले सगळे एकाच पानावर. नियम लिहून फ्रिजवर लावा. आजी-आजोबांना भाषण देऊ नका, काम द्या. ठिपके द्यायचं काम आजीकडे सोपवलं की आजी आपोआप नियमाच्या बाजूला येते.

भीती किंवा उदासीमुळे शाळा नाकारणाऱ्या मुलाला यातलं बरंच लागू नाही. तिथे पायऱ्या करायच्या: आज गणवेश घालून गेटपर्यंत, दोन दिवसांनी पहिला तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. घरी राहिलं तरी शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाईल नाही. लवकर सुरुवात करा. जितके जास्त दिवस घरी जातील तितकं परतणं जड होत जातं. आणि लक्षात असू द्या, मुलांची उदासी कित्येकदा रडण्यात न दिसता चिडचिडीत दिसते.

तपासा: चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवस पूर्ण वही लिहा आणि पहिल्या वहीशी आकडे ताडून बघा. सहाचे चार झाले तर योजना चालली आहे, जरी घर अजून थकलेलं असलं तरी. काहीच बदल नसेल तर योजना बदला, आवाज वाढवू नका.

## टप्पा ५: शाळा, आणि ती लेखी

शाळा सुटताना गेटवर बाईंना गाठून बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. निदानाचा पूर्ण रिपोर्ट जोडायची गरज नसते. डॉक्टरांचं अर्ध्या पानाचं पत्र पुरतं, ज्यात वर्गात काय करावं हे लिहिलेलं असेल.

मागण्या तीनच ठेवा. पंधरा मागितल्या तर एकही होत नाही. उदाहरणार्थ: पहिल्या दोन बाकांवर जागा, दर तासाला उठण्याचं एखादं काम (वह्या वाटणं, फळा पुसणं), आणि डायरीत रोज तीन खुणा. खुणा चांगल्या गोष्टींच्या असाव्यात. रोज लाल शाईत तक्रार येणारी डायरी मूल लपवायला शिकतं.

शाळा "दुसरीकडे बघा" म्हणाली तर शिक्षण हक्क कायदा, २००९ माहीत असू द्या. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. पहिल्याच भेटीत कलमं ऐकवू नका. अर्जाला उत्तर आलं नाही तर दुसऱ्या अर्जात लिहा.

अध्ययन अक्षमतेचं किंवा स्वमग्नतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि पेपरच्या दर तासामागे २० मिनिटं जास्त अशा सवलती मिळतात. त्याचा अर्ज शाळेमार्फतच जातो, आणि प्रमाणपत्राच्या रांगा लांब असतात. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा आठवीतच सुरुवात करा. कोणत्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र चालेल ते आपल्या बोर्डाच्या चालू सूचनेत बघा, खासगी चाचणीवर पैसे घालवण्याआधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, पण अशा अनेक मुलांत अध्ययन अक्षमताही असते, म्हणून तपासणी करून घ्यावी.

## टप्पा ६: औषध सुरू झालं तर

"औषध नको, सवय लागेल" आणि "एकदाची गोळी द्या" या दोन्ही टोकांवर पालक अडकतात. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: हे कोणत्या लक्षणासाठी, फरक किती दिवसांत दिसेल, काय त्रास होऊ शकतो, आणि कधी व कसं थांबवायचं.

एडीएचडीसाठीच्या मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसू शकतो. भूक कमी होते, म्हणून गोळीच्या आधी भरपेट नाश्ता द्या. उशिरा दिलेल्या डोसने झोप जाते. दर महिन्याला वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची वहीत लिहा. हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ते बहुधा नसतंच, त्यामुळे गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की पुढची सोय बघा. एडीएचडीच्याच ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला मात्र काही आठवडे लागतात. पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका.

उदासी आणि चिंतेसाठीच्या फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधांना दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत, आणि डोस बदलल्यावर, मूल जास्त अस्वस्थ होतंय का, मरणाचं बोलतंय का, यावर बारीक लक्ष ठेवा आणि तसं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. तीव्र चिडचिड आणि आक्रमकपणासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढतं. वजन आणि रक्तातली साखर कधी तपासायची ते विचारून घ्या.

गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात, मोजून. भांडणात "आज गोळी घेतली नाहीस वाटतं?" असं कधीच म्हणू नका.

भरती करायची वेळ आली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकांनी किंवा नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं. रजा, धाकट्या भावंडाची सोय, कपड्यांची पिशवी, हे आधी ठरवून ठेवलं तर त्या रात्री धांदल होत नाही.

## टप्पा ७: दर जूनला पुन्हा

जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि मागच्या वर्षी बसलेली घडी दोन आठवड्यांत विस्कटते. त्यामुळे एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, जुन्या बाईंकडून एका पानावर लिहून घ्या: वर्गात काय चाललं, काय चाललं नाही. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पान, डॉक्टरांचं पत्र आणि नवा अर्ज देऊन या. पहिल्या तक्रारीची वाट बघू नका.

मे महिन्यात गावी गेल्यावर झोप, स्क्रीन आणि गोळ्यांच्या वेळा बदलतात. शाळा सुरू व्हायच्या दहा दिवस आधीपासून उठण्याची वेळ रोज थोडी अलीकडे आणा. औषध सुट्टीत थांबवायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. जून-जुलैत पुन्हा दोन आठवडे वही लिहा. पहिली वही टाकून देऊ नका, पुढच्या प्रत्येक नव्या डॉक्टरांसाठी तीच फाइलचं पहिलं पान असते.